ताणकाटा आणि पहिला चहा

मित्रांनो, मी एक जुना ताणकाटा आहे. हा शब्द तुम्हाला कुठल्याही शब्दकोशात सापडणार नाही, उगाच पानं चाळत बसू नका. माझं खरं नाव माझ्या पाठीवरच्या पट्टीवर छापलेलं आहे आणि ते इतकं लांबलचक आहे, की कोणी ते एका दमात वाचल्याचं मला आठवत नाही. मी रक्त तपासणारं यंत्र आहे. आकाराने म्हणाल तर पाव ठेवायच्या डब्याएवढा. सध्या मैदानातल्या एका लोखंडी कपाटाच्या तळाच्या खणात, मोडक्या छत्र्या आणि हवा गेलेल्या चेंडूंच्या संगतीत पडून आहे. अंगावर धूळ आहे, वायर उंदरांनी कुरतडली आहे. पण आठवण शाबूत आहे आणि तोंडही. इथे ऐकायला कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका फार स्वच्छ कारखान्यात झाला. इतका स्वच्छ, की तिथे कोणी शिंकलं तरी सगळे त्याच्याकडे वळून बघत. डोक्याला टोप्या घातलेल्या बायका लांब टेबलाशी बसून माझ्यासारखी यंत्रं जोडत. माझ्या पोटात एक बारीक भिंग आहे. ते जिने बसवलं तिने झाकण लावल्यावर मला पुन्हा उघडलं. शेजारीण वैतागली, तेव्हा ती म्हणाली, "अगं, हे जरा तिरकं राहिलं तर हा जन्मभर खोटं बोलेल." तिने ते भिंग सरळ केलं. तेव्हापासून खरं तेच सांगायचं, हे माझ्या हाडीमाशी खिळलं. हाडं आणि मांस मला नाही, पण बोलायची एक रीत असते. आजवर मी एकही आकडा खोटा सांगितलेला नाही. त्याने कोणाचं काय भलं झालं, ते पुढे कळेलच.

मला पेटीतून बाहेर काढलं ते मैदानावरच्या डॉक्टरांनी. प्रेक्षकांच्या बैठकांखाली त्यांची तपासणीची खोली होती. वर पायऱ्या असल्यामुळे खोलीचं छत एका बाजूला उतरतं होतं आणि उंच माणसाचं डोकं तिथे हमखास आपटे. एक बेसिन, एक फ्रिज, दोन खुर्च्या आणि एक खिडकी. खिडकीतून मैदानाचं एक वळण आणि त्यापलीकडचा रस्ता दिसे. टेबलावर माझ्या शेजारी रक्ताच्या नळ्या गरागरा फिरवणारं एक बुटकं यंत्र होतं. ते सुरू झालं की सगळं टेबल थरथरे. असा शेजार असूनही मी इतकी वर्षं डोकं ठिकाणावर ठेवून काम केलं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

या मैदानावर चालण्याच्या शर्यतीचे खेळाडू सराव करत. हसू नका. चालण्याची शर्यत असते आणि ती पळण्याहून चिवट असते. तिच्यात एक पाय कायम जमिनीला टेकलेला लागतो आणि पुढचा गुडघा सरळ ठेवावा लागतो. दोन्ही पाय हवेत गेले तर पंच बाहेर काढतात. त्यामुळे हे खेळाडू कंबर हलवत, कोपरं मारत, भराभर चालत असतात. रस्त्यावरची पोरं त्यांच्या मागे लागून त्यांची नक्कल करत. त्या पोरांनीच आमच्या एका मुलीला ‘बदकी’ हे नाव दिलं. तिने मनाला लावून घेतलं नाही. उलट रबरी पिवळं बदक आणून आपल्या पिशवीला लटकवलं.

बदकीला तिच्या मामाने वाढवलं होतं. मामा मैदानावर सगळ्यांना शिकवी. बाकीचे त्याला मास्तर म्हणत, ही एकटी मामा म्हणे. "मला मामाने दोनदा चालायला शिकवलं," असं ती नव्या मुलांना सांगे. "एकदा भिंतीला धरून आणि एकदा इथे." मामा तरुणपणी स्वतः फार वेगाने चाले. देशाच्या संघात निवड व्हायची होती तेव्हा पहिले तिघं घेतले आणि मामा चौथा आला. तो हे कधी बोलून दाखवत नसे, त्यामुळे ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मी आलो त्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांना त्या खोलीत कोंबलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून ते बोलू लागले. "तुमचं हृदय म्हणजे एक पिशवी आहे असं समजा. तिच्यात जास्त रक्त भरलं, जोर पडला, की तिची भिंत ताणते. ताणली की ती रक्तात एक संप्रेरक सोडते. म्हणजे निरोपच पाठवते, की बाबांनो, माझ्यावर भार आलाय, अंगातलं पाणी-मीठ जरा कमी करा. हे यंत्र तो निरोप मोजतं."

"म्हणजे वजनकाटा असतो तसा ताणकाटा," मागून कोणीतरी म्हणालं. तो लंबू होता. संघातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात तोंडाळ मुलगा. आत येताना त्याचं डोकं छताला आपटलंच होतं. असं माझं नाव पडलं आणि तेच कायमचं चिकटलं.

डॉक्टर हसले आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी शब्दाशब्दाने लक्षात ठेवलं आहे. मित्रांनो, तुम्हीही लक्षात ठेवा. ते म्हणाले, "लांब पल्ला चाललात की हा आकडा चढणारच. त्याला घाबरू नका. दोन-तीन दिवस विश्रांती घेतली की तो खाली यायला हवा. तुम्हा लोकांची हृदयं व्यायामाने मोठी होतात, तेही वाईट नाही. पण व्यायामाने मोठं झालेलं हृदय आणि आजाराने मोठं झालेलं हृदय, दोन्ही वरवर सारखीच दिसू शकतात. निरोगी खेळाडूचा आकडा विश्रांतीत सहसा दोनच अंकी राहतो. विश्रांती घेऊनही तो तीन अंकी असेल तर काहीतरी बिनसलंय, पुढच्या तपासण्या करायच्या. म्हणून मला रक्त दोनदा लागेल. एकदा दमल्यावर, एकदा विसावल्यावर. आणि विसावल्यावरचं जास्त महत्त्वाचं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सुरुवातीची दोन वर्षं सगळं तसंच चाललं, आणि तो माझ्या आयुष्यातला सोन्याचा काळ होता. रक्त काढायला सुईबाई होती. तिचं खरं नाव काय, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. हात इतका हलका, की घाबरट मुलं डोळे मिटून "काढा ना आता" म्हणत आणि ती म्हणे, "काढून झालं, ऊठ, दुसऱ्याला बसू दे." ती रोज सकाळी ओल्या फडक्याने माझं अंग पुसायची आणि माझ्याशी बोलायचीही. एकदा बाहेरून पाहुणे आले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना सगळ्यात आधी माझ्यापुढे आणून उभं केलं. फ्रिजकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. तेव्हा मला थोडा शिष्टपणा चढला होता, हे खरं आहे.

मग डॉक्टरांची बदली झाली. नवे डॉक्टर अधूनमधून येत, मुरगळलेले पाय आणि दुखरे गुडघे बघत आणि जाताना दारातूनच विचारत, "रक्तं ठीक ना सगळ्यांची?" आतून कोणीतरी "ठीक" म्हणे. ते वाईट नव्हते. त्यांच्या मागे चार मैदानं होती आणि त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

विश्रांतीनंतरचं रक्त कधी बंद झालं, ते मलाही सांगता येणार नाही. बंद करू असं कोणी म्हणालंच नाही. सुट्टीच्या दिवशी खेळाडूंना झोपायचं असे. सुईबाईला दोघा-तिघांसाठी लांबून यावं लागे. मामा म्हणे, "सुट्टी म्हणजे सुट्टी, पोरांना घरी राहू द्या." एका आठवड्यात एक आला नाही, पुढच्या आठवड्यात तिघं आले नाहीत. मग सुट्टीला खोलीचं कुलूपच निघेना. उरलं ते लांब पल्ल्यानंतरच्या सकाळचं रक्त, कारण तेव्हा सगळे आपसूक जमत. अंग ठणकत असे, दुसरं काही करायचं नसे आणि चहा मिळे.

त्या चहानेच घात केला. लंबू बाहेरून किटली घेऊन येई. पहिला कप कोणाला द्यायचा, यावर रोज खेचाखेची होई, कारण पहिला कप कढत आणि घट्ट, शेवटचा कोमट आणि पातळ. एके दिवशी लंबूच म्हणाला, "भांडू नका. ताणकाट्याला विचारू. ज्याचा आकडा मोठा, तो काल सगळ्यात जास्त राबला. पहिला चहा त्याचा." सगळ्यांना ते पटलं. मामालाही पटलं. तो म्हणाला, "बरोबर आहे. अंग चोरणाऱ्याला आयता चहा कशाला?"

त्या दिवसापासून माझा अर्थच फिरला. मी हृदयाचा निरोप सांगत होतो आणि ते त्यात मेहनत वाचत होते. ज्याचा आकडा लहान येई त्याला लंबू चिडवी, "काय रे, काल बसने आलास वाटतं?" मुलं ओशाळत आणि पुढच्या वेळी मरमर मरत. माझ्यावर एक लाल दिवा होता. आकडा मर्यादेबाहेर गेला की तो लागे आणि बारीक आवाज होई. पण लांब चालून आलेल्या सगळ्यांसाठीच तो वाजू लागल्यावर सुईबाईचं डोकं उठलं. तिने आवाज बंद केला आणि दिव्यावर जखमेला लावायची चिकटपट्टी लावून टाकली. "नुसता डोळे वटारतो मेला," असं ती मला म्हणाली. रागाने नाही, लाडानेच म्हणाली.

पहिला चहा बहुतेक वेळा बदकीच्याच हातात जाई. तिचा आकडा लंबूच्या आकड्याहूनही कितीतरी मोठा असे. "घ्या, महाराणी," म्हणून लंबू कप पुढे करी आणि ती मुद्दाम सावकाश, आवाज करत प्यायची. मामा दाराशी उभा राहून बघे. त्याचा चेहरा फुललेला असे.

हळूहळू मला तिच्यात काही काही दिसू लागलं. खोलीत उतरायला चार पायऱ्या होत्या. त्या उतरून आली की ती पूर्वी बोलतच यायची. आता आधी खुर्चीत बसायची आणि मग बोलायची. हात पुढे करून सुईबाईशी गप्पा मारताना ती एकदा म्हणाली, "बाई, हल्ली मला दोन उशा लागतात. आडवी झाले की गुदमरल्यासारखं होतं."

"उशी जुनी झाली असेल," सुईबाई म्हणाली.

"आणि बूट घट्ट होतात संध्याकाळी."

"माझ्याही पायांना सूज येते, दिवसभर उभी असते ना. पाय वर करून बसत जा." एवढं बोलून सुईबाईने कापूस दाबून धरायला सांगितला. दोघीही खोटं बोलत नव्हत्या. पण जी मुलगी संघात सगळ्यात जास्त राबते, पहिला चहा पिते, ती आजारी असेल हे कोणाच्या डोक्यात येणार?

निवडीची शर्यत जवळ आली. देशाच्या संघासाठी पुन्हा तिघीच घ्यायच्या होत्या. बदकीच्या वयाला ही शेवटचीच संधी, असं सगळे धरून चालले होते. आणि नेमका तिचा पाय मुरगळला. मामाने तिला घरी बसवलं. आठवड्याहून जास्त दिवस ती नुसती पलंगावर पाय वर करून बसली होती. मामा रोज घोटा दाबून बघे. घोटा बरा झाला, पण मामाचं मन धजेना. त्या दोघांचं बोलणं माझ्यासमोरच झालं, कारण त्या दिवशी ती दोघं सुट्टी असूनही सुईबाईला बोलावून घेऊन खोलीत आली होती.

मामा म्हणाला, "राहू दे या वेळी. सराव तुटलाय. अंगात ताकद नसताना उतरलीस तर काहीतरी होऊन बसेल. मला संघ नको, मला तू हवीस."

"मामा, तू चौथा आलास, ते तुला अजून खुपतं ना?"

"खुपू दे. ते माझं मी बघतो."

बदकीने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "आपण ताणकाट्याला विचारू. तो काही माझा नातेवाईक नाही आणि तुझाही नाही. आकडा पडला असेल तर मी शब्द देते, गुपचूप घरी बसेन. पण आकडा टिकून असेल तर तू मला अडवायचं नाहीस."

मामाने मान डोलावली. सुईबाईने रक्त घेतलं, फिरवलं आणि दोन थेंब पट्टीवर टाकून ती पट्टी माझ्या पोटात सरकवली. मित्रांनो, ते रक्त आठवड्याहून जास्त विसावलेलं होतं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच मला विसावलेलं रक्त मिळालं होतं. डॉक्टरांनी ज्यासाठी मला इथे आणलं, तो प्रश्न अखेर मला विचारला गेला होता, आणि मी त्याचं खरं उत्तर दिलं. आकडा तीन अंकी आला. साधासुधा नाही, लंबू लांब पल्ला चालून आल्यावर येई त्याच्याहून मोठा. लाल दिवाही लागला. चिकटपट्टीखाली तो गुलाबी दिसत होता.

तिघंही पडद्यावर वाकले. सगळ्यात आधी बदकी बोलली. "बघ, मामा. एवढे दिवस बसून काढले तरी जराही पडला नाही."

सुईबाई म्हणाली, "कमाल आहे बाई. इतरांचा पळून-चालून एवढा येत नाही."

मामा बराच वेळ आकड्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता याला आठवेल. त्या पहिल्या दिवशी हाच माणूस पुढच्या खुर्चीत बसून मान डोलावत होता. मी जीव तोडून तो दिवा जळता ठेवला. त्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं. मग मामाने तिच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाला, "ठीक आहे. जा, उतर. हरलो मी." त्या दिवशी किटली नव्हती, म्हणून सुईबाईने आपल्या डब्याशेजारच्या थर्मासमधला चहा ओतून पहिला कप तिला दिला.

तिने शब्द दिला होता. मी जे सांगितलं ते त्यांनी नीट वाचलं असतं तर ती खरोखरच घरी बसली असती. हट्ट करणाऱ्यांतली ती नव्हती. हे मी या कपाटात पडल्या पडल्या किती वेळा घोळवतो, याला सुमार नाही.

शर्यत आमच्याच मैदानाभोवतीच्या रस्त्यावर होती. खिडकीतून मला एक वळण दिसे, तिथून चालणाऱ्या मुली पुन्हा पुन्हा जात. सुईबाई खिडकीला नाक लावून उभी होती. बदकी पहिल्यापासून पहिल्या तिघींत होती. पाठीवर पिशवी नव्हती, पण ते पिवळं बदक तिने मामाच्या गळ्यातल्या शिट्टीला बांधून ठेवलं होतं. मामा वळणावर उभा राहून तिला पाणी देई आणि ओरडे, "गुडघा सरळ. गुडघा सरळ."

शेवटची फेरी होती. ती वळणावर आली, वेग कमी झाला आणि ती रस्त्याच्या कडेला बसली. पडली नाही हो. बुटाची लेस बांधायला बसतात तशी एक गुडघा टेकून बसली. मामाला तेच वाटलं. तो ओरडला, "लेस नंतर बांध. ऊठ, लेस नंतर." दोघी तिच्या बाजूने पुढे गेल्या. मामा पुन्हा ओरडला. मग ती हळूच कुशीवर कलंडली आणि मामाने पाण्याची बाटली टाकली.

लंबूने तिची छाती दाबून दाबून तिला परत आणलं. तो आधीच आपली शर्यत चालून दमलेला होता, तरी गाडी येईपर्यंत थांबला नाही. मोठ्या दवाखान्यात कळलं, की तिच्या हृदयाचा स्नायू केव्हापासून दुबळा होत चालला होता. सैल पडून पिशवी फुगली होती. ते व्यायामाने झालं नव्हतं, आजाराने झालं होतं. पण त्या आजारावर तिने वर्षानुवर्षं लांब लांब पल्ले चालून भार टाकला होता. वेळेत कळतं तर औषधं होती, आराम होता, आयुष्य होतं. आता फार उशीर झाला होता.

काही दिवसांनी मामा तपासणीच्या खोलीत आला. सुईबाई नळ्या धूत होती. तो माझ्यापुढच्या खुर्चीत बसला आणि त्याने विचारलं, "विसावल्यावर किती यायला हवा होता आकडा?"

सुईबाईने नळ बंद केला. "दोन अंकी," ती म्हणाली. "जुने डॉक्टर सांगायचे."

"मीही ऐकलं होतं. मग आपण विसरलो कधी?"

दोघंही आठवत बसले, पण कुठलाच दिवस हाती लागेना. मामाने नखाने माझ्या दिव्यावरची चिकटपट्टी सोलून काढली. ती इतकी जुनी झाली होती, की तिचा डिंक तिथेच राहिला. तो त्याने अंगठ्याने घासला, पण निघाला नाही. अजूनही आहे.

बदकी त्यानंतर एकदाच इथे आली. फाटकापासून खोलीपर्यंत येताना ती तीन ठिकाणी थांबली. मी खिडकीतून बघत होतो. पूर्वी तेवढ्या वेळात तिने अख्ख्या मैदानाला फेरी मारली असती. पायऱ्यांवरून लंबूने तिला धरून खाली आणलं. दवाखान्यात तिचं रक्त तपासतच असत, पण तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "इथे बघू या. याच्याशी माझी ओळख आहे."

सुईबाईला पहिल्यांदाच दोनदा टोचावं लागलं. मी आकडा सांगितला. तो चार अंकी होता. माझ्या पडद्यावर इतका मोठा आकडा कोणाचाच कधी आला नव्हता. खोलीत सगळे होते, मामा, सुईबाई, संघातली दोन-चार जुनी माणसं, आणि कोणी कोणाकडे बघेना. लंबू सवयीने किटली घेऊन आला होता. दारातच त्याच्या लक्षात आलं आणि तो किटली पाठीमागे लपवू लागला.

"लपवतोस काय?" बदकी म्हणाली. "आण. माझाच आहे ना पहिला?"

लंबू रडू लागला. एवढा सहा फुटी मुलगा, छताखाली वाकून उभा आणि नाकातून पाणी वाहतंय. तो कप भरू लागला तेव्हा तिने हात आडवा केला. "अर्धाच दे. मला दिवसाचं पाणी मोजून आहे." तो अर्धा कप ती आवाज करत, सावकाश प्यायली, पूर्वीसारखीच. तिला वाटत होतं आम्ही हसू. उन्हाळा यायच्या आधी ती गेली.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखं त्यात काही नाही. मामाने शिकवणं सोडलं. लंबू दुसऱ्या शहरात गेला. सुईबाई निवृत्त झाली, जाताना तिने माझं अंग शेवटचं पुसलं. माझ्या पोटात घालायच्या त्या तपासणीच्या पट्ट्या बनणं बंद झालं. पट्ट्या नाहीत तर मी नुसता डबाच. मला टेबलावरून खिडकीत ठेवलं, खिडकीतून जमिनीवर आणि जमिनीवरून या कपाटात.

माझ्या जागेवर नवं यंत्र आलं आहे, चकचकीत आणि फार कमी बोलणारं. शिवाय आताच्या मुलांच्या मनगटावर घड्याळं असतात, त्यांतही हृदयाचे नाना आकडे दिसतात. मला कपाटाच्या फटीतून त्यांचं बोलणं ऐकू येतं. लांब पल्ला संपवून मुलं खोलीत उतरतात, एकमेकांची मनगटं ओढून बघतात. मग किटलीच्या झाकणाचा आवाज येतो आणि कोणीतरी विचारतं, "चला, आज पहिला चहा कोणाचा?" ही रीत कोणी पाडली, तिने कोणाचा घात केला, त्यांतल्या एकालाही ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक होतं ते एकेक करून निघून गेले.

मामा मात्र येतो. सुट्टीच्या दिवशी येतो, कारण त्या दिवशी इथे चिटपाखरू नसतं. बाहेरच्या बाकावर बसतो. त्याच्या किल्ल्यांना ते रबरी बदक आहे, बसताना ते दाबलं जातं आणि बारीक आवाज करतं, त्यावरून मी त्याला ओळखतो. एकदा एका मुलाने त्याला विचारलं, "आजोबा, सुट्टीच्या दिवशी कोणाची वाट बघता?" तो म्हणाला, "सुट्टीच्या दिवशीच यायला हवं होतं, म्हणून येतो." मुलाला काही कळलं नाही. तो चेंडू घेऊन निघून गेला.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी यंत्रं म्हणतात, आमची निगा राखा, आम्हाला भंगारात टाकू नका. माझं तसलं काही मागणं नाही. मला खुशाल भंगारात टाका. पण तुमच्यातला जो सगळ्यात जास्त राबतो, ज्याची सगळे वाहवा करतात, तो खुर्चीत बसल्याशिवाय बोलू शकत नसेल, तर त्याच्यापुढे कप करू नका. त्याला घरी बसवा, नीट विसावू द्या आणि मग त्याला घेऊन एखाद्या डॉक्टरकडे जा. एवढंच. हे मी कपाटाच्या आतून रोज सांगतो. आत्ताही सांगतो आहे. बाहेर कप वाटणं सुरू झालं आहे आणि पहिला कप कोणा मुलीला मिळाला आहे. धाप लागल्याने ती आधी खुर्ची ओढून बसली, आता खोकते आहे, आणि सगळे टाळ्या वाजवत आहेत.